न फिरणाऱ्या तबकडीचा इतिहास

संगणक सुरू होत नाही म्हणून त्याच्या पोटातली हार्ड डिस्क बाहेर काढायची, तळहातावर आडवी धरायची आणि मनगटाला झटकन हिसका द्यायचा, हा १९८०च्या दशकाच्या अखेरीस जाणकार तंत्रज्ञाचा उपाय होता. बघणाऱ्याला तो अडाणीपणा वाटे, पण त्यामागे चोख भौतिकशास्त्र होते. हिसक्याने डबा फिरे, आतल्या तबकड्या जडत्वामुळे जागच्या जागी राहत आणि त्यांना चिकटून बसलेले, माहिती वाचणारे-लिहिणारे हेड सुटत. वीज दिली की मोटर घुमू लागे, पडद्यावर डॉसची अक्षरे उमटत, आणि तंत्रज्ञ मालकाला बजावे: आता बंद करू नका, आधी सगळं फ्लॉपीवर उतरवून घ्या.

हेड तबकडीला चिकटले कसे, हे समजायला बरेच मागे जावे लागते, आणि तिथे सापडतो तो कुणाचा निष्काळजीपणा नव्हे, तर एक उत्तम सुधारणा. हार्ड डिस्क सुरू न होण्याच्या इतिहासात हे वारंवार घडले आहे. आधीच्या दुखण्यावर काढलेला तोडगाच पुढच्या दुखण्याचे मूळ ठरला, आणि दुरुस्ती करणाऱ्याला दर दहा वर्षांनी नवी विद्या शिकावी लागली.

सप्टेंबर १९५६ मध्ये आयबीएमने ३०५ रॅमॅक हा संगणक जाहीर केला. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या रेनॉल्ड जॉन्सन यांच्या प्रयोगशाळेत त्याची डिस्क घडली होती. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, मिनिटाला १,२०० फेरे, वजन सुमारे एक टन आणि क्षमता ५० लाख अक्षरांची. आजच्या मापाने चार मेगाबाइटही नाही. हेड तबकडीवर घासू नये म्हणून त्यातून कॉम्प्रेसरची दाबलेली हवा सोडली जाई. पाच वर्षांनी आलेल्या १३०१ या मॉडेलमध्ये कॉम्प्रेसर गेला. फिरत्या तबकडीबरोबर ओढली जाणारी हवाच हेडला उचलून धरू लागली. मात्र तबकडी थांबली की ही हवाही थांबते, आणि हेडला कुठेतरी विसावावे लागते. त्यामुळे हेड वेळेवर मागे घेण्याची, पुन्हा नेमके आत सोडण्याची यंत्रणा ठेवावी लागे. ती महाग होती आणि बिघडायचीही.

१९७३ साली आयबीएमच्या ३३४० या डिस्कने हा प्रश्न धीटपणे सोडवला. केनेथ हॉटन यांच्या हाताखाली तयार झालेली, 'विंचेस्टर' या टोपणनावाने गाजलेली हीच ती डिस्क. हेड हलके करा, त्यावरचा दाब कमी करा, तबकडीला वंगणाचा पातळ थर द्या, आणि मग हेड खुशाल तबकडीवरच उतरू द्या, असा तो विचार होता. वीज गेली की हेड तबकडीवर टेके, वीज आली की थोडे अंतर घासत जाऊन हवेत उठे. सगळे यंत्र एका बंद डब्यात मावले, स्वस्त झाले. पुढची दोन दशके जवळपास प्रत्येक हार्ड डिस्क याच तत्त्वावर चालली. पण यामुळे सुरू होण्याचा क्षण हाच डिस्कच्या आयुष्यातला सर्वांत कष्टाचा क्षण ठरला. एकदा फिरू लागली की ती महिनोन्‌महिने फिरे. धोका असे तो थांबताना आणि पुन्हा निघताना.

अॅलन शुगार्ट आणि फिनिस कॉनर यांनी १९७९ मध्ये साथीदारांसह काढलेल्या कंपनीने, म्हणजे पुढच्या सीगेटने, हे तंत्र सव्वापाच इंची डब्यात बसवले. मार्च १९८३ मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी दहा मेगाबाइटची डिस्क घेऊन बाजारात आला आणि डिस्क सुरू न होण्याची चिंता संगणककक्षातल्या अभियंत्याकडून हिशेबनीसाच्या टेबलावर आली. एक्सटी सुरू होताना स्वतःची तपासणी करी, आणि डिस्कने दाद दिली नाही तर पडद्यावर फक्त '१७०१' हा आकडा दाखवी. खुलासा काही नाही. तो आकडा पाहून कुणाला बोलवायचे, हे कार्यालयांतल्या लोकांना लवकरच पाठ झाले.

त्या काळच्या स्वस्त डिस्कमध्ये हेड हलवायला स्टेपर मोटर असे. ती ठरावीक पावले टाकी. माहितीची रेघ, म्हणजे ट्रॅक, खरेच पायाखाली आहे की नाही, हे तिला कळत नसे. २० मेगाबाइटची सीगेट एसटी-२२५ ही या जातीतली सर्वांत ओळखीची. थंडीत धातू आकसे, तापला की पसरे, झिजेने पावले किंचित सरकत. परिणामी एखादी डिस्क सकाळी उठायला नकार देई आणि अर्धा तास नुसती चालू ठेवून मग संगणक पुन्हा सुरू केला की मुकाट चाले. उपाय होता लो-लेव्हल फॉर्मॅटचा, म्हणजे रेघा नव्याने आखण्याचा. डॉसमधल्या डीबग या प्रोग्रामात जाऊन 'जी बरोबर सी८००, विसर्ग, ५' अशी आज्ञा दिली की वेस्टर्न डिजिटलच्या कंट्रोलर कार्डातला आखणीचा प्रोग्राम जागा होई. हा मंत्र पाठ असणाऱ्याला तेव्हा हार्डवेअरमध्ये मान होता. आखणी मात्र डिस्क चांगली तापल्यावरच करायची. थंड डिस्कवर आखल्या तर दुपारपर्यंत त्याच रेघा परक्या व्हायच्या. डिस्कच्या पाठीवर कारखान्यातून खराब जागांची यादी चिकटवून येई, ती आधी हाताने भरून घ्यावी लागे.

रेघांची अडचण निदान सांगून यायची. चिकटण्याची तशी नव्हती.

तबकड्यांवर जास्त माहिती मावावी म्हणून त्या अधिकाधिक गुळगुळीत केल्या गेल्या, आणि हेड त्यांच्या अधिकाधिक जवळून उडू लागले. दोन अतिशय गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांवर टेकले आणि मध्ये द्रवाचा पातळ पापुद्रा असला, की ते ओल्या काचेच्या तुकड्यांसारखे घट्ट बसतात. इथे पापुद्रा होता झीज टाळण्यासाठी दिलेल्या वंगणाचा, आणि त्यात भर पडे हवेतल्या ओलाव्याची. डिस्कचा डबा बंद असला तरी हवाबंद नसे; आतला आणि बाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून त्याला गाळणी लावलेले एक छिद्र असे. दमट हवेत हा चिकटा वाढतो, हे संशोधकांनी मोजून दाखवले. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात चार दिवस बंद राहिलेल्या संगणकाबद्दल यातून काय समजायचे ते ज्याचे त्याने समजावे.

इंग्रजीत या दुखण्याला स्टिक्शन हे नाव पडले. सीगेटच्या काही मॉडेलांत ते होते. अॅपलच्या मॅकिंटॉशमध्ये बसवलेल्या क्वांटमच्या ४० आणि ८० मेगाबाइटच्या डिस्कमुळे तर ते बदनाम झाले. छोट्या डिस्कची मोटर नाजूक, तिच्यात हेड उपटून काढण्याइतका जोर नसे. वीज दिली की एक बारीक गुणगुण, मग शांतता. म्हणून मनगटाचा तो हिसका. काही जण स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने कडेला हलकेच टकटक करत, काही जण डिस्क थोडी गरम करत. अनेक कार्यालयांनी वेगळाच तोडगा काढला: संगणक बंदच करायचा नाही. रात्रभर पंखे घोंगावत राहत, कारण सकाळी डिस्क उठेल याची कुणी हमी देत नसे.

कारखान्यांनी तोडगा काढला तो मात्र डोके चालवून. तबकडीच्या आतल्या कडेला हेड उतरवण्याची एक पट्टी ठरवून तिथे लेसरने सूक्ष्म उंचवटे उठवले गेले, म्हणजे हेड सपाट जागी बसणारच नाही. त्यापुढे हेड तबकडीवर उतरवायचेच सोडून दिले आणि कडेच्या प्लॅस्टिकच्या उतारावर चढवून ठेवायची पद्धत आली. आधी लॅपटॉपच्या डिस्कमध्ये, मग सगळीकडे. १९७३ मध्ये जी यंत्रणा महाग म्हणून मोडीत काढली होती, तीच साध्या रूपात परत आली.

दरम्यान, डिस्क ठणठणीत असूनही संगणकाला ती दिसत नाही, असा एक वेगळाच वर्ग तयार झाला होता. १९८४च्या पीसी एटीमध्ये डिस्कची मापे एका चिपमध्ये साठवली जात आणि ती चिप बॅटरीवर जगे. बॅटरी संपली की संगणक आपल्याला डिस्क आहे हेच विसरे आणि '१६१' हा आकडा दाखवी. संगणक सुरू करणाऱ्या बायोस या प्रोग्राममध्ये डिस्कच्या प्रकारांचा तक्ता होता. प्रकार १ म्हणजे ३०६ सिलिंडर आणि ४ हेड, प्रकार २ म्हणजे ६१५ सिलिंडर आणि ४ हेड. चुकीचा प्रकार निवडला तर डिस्क अर्धवट ओळखली जाई. म्हणून हुशार तंत्रज्ञ प्रकाराचा आकडा कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवत. मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल बदलून 'हार्ड डिस्क गेली' अशी तक्रार मिटवणे ही पुढे वर्षानुवर्षे सर्वांत सोपी कमाई होती.

या तक्त्यांनीच नंतर भिंती उभ्या केल्या. १,०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर यांचा गुणाकार ५२८ मेगाबाइटवर थांबतो, आणि १९९०च्या दशकाच्या मध्यावर डिस्क त्याच्या पुढे गेल्या. पुढची भिंत ८.४ गिगाबाइटला होती. ३३.८ गिगाबाइटला तर काही बायोस डिस्क मोजतानाच गोठून जात. म्हणून उत्पादकांनी डिस्क स्वतःला लहान सांगेल असा एक जंपर दिला. मोठी डिस्क विकत घ्यायची आणि तिला खोटे बोलायला लावायचे! त्यातच एका रिबन केबलवर दोन डिस्क, एक मास्टर आणि एक स्लेव्ह. दोघींचे जंपर मास्टरवर राहिले की दोघीही गप्प. केबलची लाल कड एक क्रमांकाच्या पिनकडे, हा धडा पहिल्या दिवशी शिकवला जाई आणि घाईच्या दिवशी विसरला जाई.

तरीही महाराष्ट्रातल्या दुरुस्तीवाल्यांना या धंद्यात खरा भाव मिळाला तो तबकडीमुळे नव्हे, तिच्या पहिल्या सेक्टरमुळे. १९८३च्या डॉस २.० पासून हार्ड डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये सुरुवातीचा प्रोग्राम आणि चार विभागांचा तक्ता असे. संगणक जागा होताना डोळे मिटून हा सेक्टर वाची आणि तिथे जे लिहिले असेल ते करी. हा आंधळा विश्वास व्हायरसवाल्यांच्या लगेच लक्षात आला. लाहोरच्या दोन भावांनी १९८६ मध्ये लिहिलेला ब्रेन फक्त फ्लॉपीवर जगायचा, हार्ड डिस्कला हात लावत नसे. न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमधला १९८७चा स्टोन्ड मात्र थेट पहिल्या सेक्टरात जाऊन बसला.

आणि मग जून १९९० मध्ये भारतात सापडला तो 'जोशी'. तोही पहिल्या सेक्टरात राहायचा, कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून संगणक पुन्हा सुरू केला तरी स्मृतीतून हलायचा नाही. ५ जानेवारीला तो संगणक अडवून ठेवी आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असे टाइप करायला लावी. मुकाट्याने शुभेच्छा दिल्या की काम पुढे चाले. हा जोशी कोण, हे कळले नाही. व्हायरसच्या इतिहासात एवढा निरुपद्रवी हट्ट करणारे थोडेच.

मायकेलअँजेलो तसा नव्हता. ६ मार्चला संगणक सुरू केला की तो डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर कचरा लिहून टाकी. मार्च १९९२ मध्ये जगभर लाखो संगणक मरणार अशी हाकाटी झाली. प्रत्यक्षात बाधित संगणकांचा आकडा काही हजारांत राहिला, पण घबराटीने एक धंदा उभा केला. पुण्यात कॅल्क्युलेटरच्या दुरुस्तीपासून सुरुवात करून संगणकांकडे वळलेले, मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय हे त्याच सुमारास व्हायरसांच्या मागे लागले. दुकानात येणारे बरेच संगणक यंत्राने नव्हे, तर व्हायरसने आजारी असत. संजय यांनी ते साफ करणारे प्रोग्राम लिहिले आणि त्यातूनच १९९५ मध्ये डॉसवर चालणारे क्विक हील बाजारात आले. एक मोठी सॉफ्टवेअर कंपनी दुरुस्तीच्या दुकानातून निघाली, ती अशी.

याच काळात डॉस ५ मधली एक आज्ञा तोंडोतोंडी पसरली: एफडिस्क, तिरकी रेघ, एमबीआर. पुस्तिकेत तिचा उल्लेख नव्हता. ती विभागांच्या तक्त्याला धक्का न लावता सुरुवातीचा प्रोग्राम नव्याने लिही, आणि स्टोन्डसारखे व्हायरस क्षणात निघून जात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांपासून गावोगावच्या क्लासपर्यंत ती रामबाण झाली, आणि रामबाण झाली म्हणूनच घातकही. मंकी नावाचा व्हायरस मूळ तक्ता जागेवर ठेवतच नसे, तो दुसरीकडे लपवून ठेवी आणि कुणी विचारला तरच दाखवी. तिथे ही आज्ञा चालवली की व्हायरस जाई आणि त्याच्याबरोबर तक्त्याचा पत्ताही जाई. डेटा सगळा शाबूत, पण संगणकाच्या लेखी डिस्क कोरी.

२६ एप्रिल १९९९ रोजी तैवानच्या चेन इंग-हाऊने लिहिलेल्या सीआयएचने विंडोज ९५ आणि ९८च्या संगणकांना गाठले. डिस्कच्या सुरुवातीचा एक मेगाबाइट पुसायचा आणि जमले तर मदरबोर्डावरचा बायोसही खराब करायचा, असे त्याचे दुहेरी काम होते. दक्षिण कोरियात त्याने हाहाकार माजवला. इथे शहाण्या तंत्रज्ञाने फॉर्मॅट मारण्याची घाई केली नाही. फाइलींच्या पत्त्यांची यादी डिस्कवर दोनदा लिहिलेली असते, आणि मोठ्या डिस्कवर दुसरी प्रत त्या एक मेगाबाइटच्या पलीकडे सुखरूप राही. तिच्यावरून पहिली पुन्हा उभी करता येई.

त्यानंतर बिघाड डिस्कच्या आणखी आत सरकला आणि ऐकू येऊ लागला. नव्या डिस्कमध्ये हेडला वाट दाखवणाऱ्या खुणा तबकडीवरच लिहिलेल्या असतात, आणि डिस्क चालवणाऱ्या प्रोग्रामचा मोठा भागही तिथेच, मालकाला न दिसणाऱ्या रेघांवर असतो. वीज आली की डिस्क आधी स्वतःलाच वाचून घेते. खुणा सापडल्या नाहीत तर हेड कडेच्या अडसराला जाऊन आदळते आणि पुन्हा शोधायला निघते: टक्‌, टक्‌, टक्‌. २०००-०१ मध्ये आयबीएमच्या डेस्कस्टार ७५जीएक्सपी या मालिकेने हा आवाज कुप्रसिद्ध केला. अमेरिकेत ग्राहकांनी सामुदायिक दावा लावला, आणि २००२ मध्ये ज्या कंपनीने हार्ड डिस्क जगाला दिली तिने तो सगळा धंदा हिताचीला विकायला काढला. असा टकटकाट ऐकल्यावर वारंवार वीज देऊन पाहणे म्हणजे तबकडी खरवडून घेणे. पण हा सल्ला ऐकेपर्यंत लोकांनी निदान दहा वेळा बटण दाबलेले असे, आणि काहींनी तर डिस्क फ्रीजरमध्येही ठेवलेली असे. बाहेर काढल्यावर आत जमणाऱ्या दवाचा विचार कुणी केलेला नसे.

या सगळ्या इतिहासातले सर्वांत विलक्षण प्रकरण घडले ते २००८च्या अखेरीस. सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ या लोकप्रिय मालिकेतल्या डिस्क आदल्या रात्री नीट बंद झालेल्या, सकाळी सुरू केल्या की गायब. आवाज नेहमीचा, फिरणे सुरळीत, पण बायोस म्हणे, इथे डिस्कच नाही. कारण बाहेर आले तेव्हा अभियंत्यांनीही डोक्याला हात लावला असेल. डिस्क आपल्या बारीकसारीक घटनांची एक नोंदवही ठेवते, बिघाडाचा अंदाज यावा म्हणून. या वहीची शेवटची ओळ ठरवताना प्रोग्राममध्ये एका आकड्याची चूक झाली होती. वीज येण्याच्या क्षणी नोंदींचा काटा नेमका ३२० वर असेल, किंवा त्यापुढे २५६च्या पटीत पडणाऱ्या आकड्यावर असेल, आणि कारखान्यातल्या चाचणीयंत्राने राखीव जागेत विशिष्ट नमुना सोडलेला असेल, तर काटा वहीबाहेर जाई. काहीतरी गफलत आहे हे डिस्कला कळे, आणि डेटाला इजा होऊ नये म्हणून ती स्वतःला कुलूप लावून घेई. माहितीचा एक बाइटही हरवलेला नसे. खबरदारी म्हणून ठेवलेल्या वहीने आणि खबरदारी म्हणून लावलेल्या कुलपाने मिळून निरोगी डिस्क मूक केली होती.

जानेवारी २००९ मध्ये सीगेटने दुरुस्त फर्मवेअर दिले. ते चढवल्यावर ५०० गिगाबाइटच्या काही चांगल्या चालणाऱ्या डिस्कही बंद पडल्या आणि ते घाईघाईने मागे घ्यावे लागले. तोपर्यंत जगभरच्या हौशी मंडळींनी आपला मार्ग शोधला होता. डिस्कच्या मागे दोन-चार पिनांचे एक सिरियल पोर्ट असते, कारखान्याच्या वापराचे. त्याला जोडायला योग्य तार हवी. ती नोकियाच्या सीए-४२ या स्वस्त डेटा केबलमध्ये सापडली. केबल कापायची, योग्य तारा पिनांना लावायच्या, सर्किट बोर्डाचे स्क्रू सैल करून मोटरच्या संपर्काखाली कागदाचा तुकडा सरकवायचा, म्हणजे कुलपात अडकण्याआधीच डिस्क जागी होते. कंट्रोल आणि झेड दाबले की पडद्यावर डिस्कचाच प्रतिसाद येई. मग मोटर थांबवण्याची आज्ञा, हलकेच कागद ओढून घ्यायचा, स्क्रू पुन्हा आवळायचे, मोटर सुरू करायची आणि नोंदी पुसायच्या. मोबाइलच्या टाकाऊ केबलने ५०० गिगाबाइट परत मिळत. डेटा काढून देणाऱ्या कंपन्या याच कामाचे हजारो रुपये घेत होत्या.

बिघाडाची पूर्वसूचना देणारी स्मार्ट ही व्यवस्था १९९०च्या दशकापासून डिस्कमध्ये आहे. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्या लाखभर डिस्कचा हिशेब मांडला, तेव्हा बंद पडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी चार प्रमुख लक्षणांपैकी एकही आधी दाखवले नव्हते. दुकानदारांना याचे आश्चर्य वाटायचे कारण नव्हते.

तबकड्यांची डिस्क आज घरच्या संगणकातून जवळपास गेली. ती उरली डेटा सेंटरांत आणि बॅकअपच्या बाहेरच्या डब्यांत. तरी सुरू न होण्याची नवी तऱ्हा तिने शोधलीच. डेटा सेंटरात अडकलेली डिस्क माणूस न पाठवता दूरवरून बंद-चालू करता यावी म्हणून २०१६ च्या साटा ३.३ या मानकात वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनेला नवे काम दिले गेले: तिच्यावर ३.३ व्होल्ट आले की डिस्कने बंद राहायचे. जुन्या पॉवर सप्लायमध्ये मात्र त्या पिनेवर ३.३ व्होल्ट कायमच असतात. त्यामुळे बाहेरच्या डब्यातून काढलेली कोरी करकरीत डिस्क जुन्या संगणकात लावली की ती फिरतच नाही, आणि गिऱ्हाईक ती मेली म्हणून दुकानात घेऊन येते. दुकानदार चार पिनांच्या जुन्या जोडणीवरून साटाचा अॅडॉप्टर लावतो, कारण त्यात ३.३ व्होल्टची तार नसते. किंवा पिवळ्या कॅप्टॉन टेपची पातळ पट्टी कापून पहिल्या तीन पिनांवर चिकटवतो. डिस्क लगेच फिरू लागते.